हॅलमर पार्कमधल्या खपल्या

"नाही म्हणजे नाही, पोरी," प्रॉसर म्हणाला. हॅलमर पार्कच्या गोल्फ मैदानाची हिरवळ राखण्यात त्याची हयात गेली होती. "सातव्या ग्रीनवर राख नको."

हेस्टरने राखेचा डबा पोटाशी धरला. तिचे वडील, सिरिल लडलॅम, जानेवारीत गेले. दर शनिवारी ते इथे खेळायचे. सातव्या ग्रीनवरून, म्हणजे सातव्या भोकाभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावरून, सरदारांची जुनी हवेली दिसते, तळं दिसतं, ओकच्या सावलीतली हरणं दिसतात. 'मला तिथे टाका' एवढीच त्यांची इच्छा होती.

"मूठभर राखेनं काय बिघडतंय?"

"मूठभर? माणूस दोन-अडीच किलो भरतो, बाई. मागे एका मेजरच्या बायकोनं कुणाला न विचारता पहाटे येऊन ओतली. गवत जळून परातीएवढं टक्कल पडलं. उन्हाळाभर लोक म्हणायचे, 'झालं! माझा चेंडू मेजरवर अडकला.' सिरिलचं तसं करायचंय?"

हेस्टरला हसू फुटलं आणि त्या हसण्याचीच धास्ती वाटली. बाबा इथे राहायला हवेत. पण असे नकोत.

"तुमचं त्यांच्याशी कधी पटलं नाही, ना?"

"पटेल कसं? दर फटक्याला हिरवळीची पायमोज्याएवढी खपली उडवायचा. त्यापेक्षा घूस परवडली!" प्रॉसर आपल्या गाडीला टेकला. "पण त्या खपल्या वाळूनं भरायचा हो. दुसऱ्यांच्यासुद्धा भरत बसायचा. मागून खेळणारे बोंबलत असायचे."

त्याच्या गाडीत वाळू आणि गवताच्या बियांची बादली होती. काठीने हिरवळ उकरली गेली, की ती जागा ज्याची त्याने वाळूने भरायची, हा इथला रिवाज. हेस्टर बादलीकडे बघत राहिली.

"यात मिसळली तर? ग्रीन सोडून, सगळीकडे थोडी थोडी?"

प्रॉसरने टोपी काढून डोकं खाजवलं. "वाळू जास्त, सिरिल कमी," तो शेवटी म्हणाला. "आणि ग्रीनकडे फिरकायचं नाही."

वाळू, बिया आणि राख मिसळून भरलेली पिशवी खांद्याला लावून ती निघाली. दिसेल ती खपली भरायची, टाचेने दाबायची. आधी ती प्रत्येक जागेची खूण लक्षात ठेवत होती. हे लिंडेनचं झाड, ते कुंपण. पुढे खुणा एकमेकींत मिसळल्या. जिथे येऊन उभं राहावं अशी एक जागा आता असणार नव्हती, हे तिला वाकल्यावाकल्या उमगलं.

शेवटची मूठ मात्र तिने सातव्यासाठी राखली. ग्रीनवर नाही तर नाही, निदान हवेली दिसेल इतपत जवळ.

सातव्याच्या अर्ध्या वाटेवर मागून हाक आली. चौघे खेळत येत होते. तिने हात करून त्यांना पुढे जाऊ दिलं. त्यांतल्या एका जाड्या गृहस्थाने काठी हाणली. चेंडू जेमतेम सरपटला, माती मात्र लांबवर उडाली.

"चेंडू इकडे, शेत तिकडे!" मित्र ओरडला.

गृहस्थ ओशाळून स्वतःच्या वाळूच्या पिशवीत हात घालू लागला.

"राहू द्या," हेस्टर म्हणाली. "मी भरते."

"फार उपकार, बाई. क्लबनं नेमलंय वाटतं तुम्हाला?"

"नाही. घरचंच काम आहे."

इथून हवेली दिसत नव्हती. मध्ये उंचवटा होता. तिने पिशवी उपडी केली, मूठ खड्ड्यात सोडली आणि वरून हलकेच टाच दाबली.