अथोळुचा सत्कार

"गप रे, सर बघतील!" असं म्हणत मीच सगळ्यात जास्त हसत होतो. धक्क्यावर अख्खं बेट जमलेलं, आणि आमचे मणिकु सर इस्त्रीचा शर्ट घालून राजधानीला, मालेला जाणाऱ्या बोटीत चढत होते. भाषा खात्याचं पत्र आलेलं ना, मंत्रीसाहेब सत्कार करणार म्हणून! आणि पत्र कुणी लिहिलेलं? मी आणि माझ्या दोस्ताने, शिफाऊने!

अरे, सात वर्षं डोकं खाल्लं होतं त्यांनी आमचं! फळ्यावर एक गोल काढायचे. "हे प्रवाळाचं कडं. कडेकडेने बेटं, मध्ये शांत पाणी. ह्याला आपण म्हणतो अथोळु. गोऱ्यांनी उचललं नि केलं ॲटॉल. जगभरच्या भूगोलात आपला एक शब्द आहे, पोरांनो. एकच!" दर आठवड्याला तेच. पुस्तकात हे छापा म्हणून खात्याला पत्रंही धाडायचे. उत्तर कधीच नाही. मग आम्ही दिलं.

तिकडचं सगळं माझ्या मावसभावाने फोनवर सांगितलं, तो त्या खात्यातच शिपाई आहे. सर सकाळी आठपासून बाकड्यावर. शेवटी खात्यातल्या एका साहेबाने पत्र पाहिलं, खदाखदा हसला, चार जणांना बोलावून मोठ्याने वाचलं. "मास्तर, हे पोराटोरांचं अक्षर आहे हो!" सरांनी पत्र परत मागितलं, बराच वेळ बघितलं. ओळखणारच ना, हात धरून त्यांनीच गिरवून घेतलेलं. मग घडी घालून खिशात ठेवलं आणि तिथेच बसून राहिले. बोट दुसऱ्या दिवशीची, जाणार कुठे?

परतले तेव्हा पुन्हा सगळं बेट धक्क्यावर. त्यांच्या बायकोने, फझीला काकूंनी, टोपलीभर नारळ-गुळाच्या बोंडी वळलेल्या.

शिफाऊ महाबेरकी, सगळ्यांसमोर ओरडला, "सर, मंत्रीसाहेब काय म्हणाले?"

"सांगा की हो!" काकू म्हणाल्या.

सरांनी आम्हा दोघांकडे पाहिलं.

"म्हणाले, तुमच्या पोरांना इतकं वळणदार अक्षर शिकवलं कुणी?"

काय टाळ्या पडल्या! काकूंना तर रडूच फुटलं. पहिली बोंडी त्यांनी माझ्याच हातात ठेवली. "खा रे बाळा, तुझ्या सरांचा मान आहे."

शिफाऊ केव्हाच पळाला होता. सर बघत होते. मी खाल्ली.

काकूंनी दुसरी दिली. तीही खाल्ली.