कोठीच्या दाराशी लावलेला फळा

मी एक जुना, कडेला चिरलेला लाकडी फळा आहे. चकलांब्याच्या शाळेत लोक मला विद्येचे रूप म्हणत आणि वर्षातून एकदा हार घालत. मित्रांनो, मी सागाची फळी आणि काळा रंग, एवढाच आहे. विद्या माझ्यावर लिहिली जाई आणि पुसलीही जाई.

वनमालाबाई माझ्यावर इंग्रजीतील मिश्र वाक्ये लिहीत. वाक्याचा एक तुकडा तळव्याने झाकून विचारत, "उरलेलं एकटं उभं राहतं का? मग तेच मुख्य. आता हात काढून बाकीचं वाचा." मुले उत्तरे पाठ करीत. तपासणीला आलेले साहेब अक्षराची स्तुती करून गेले. कोणाला काय समजले, हे त्यांनी विचारले नाही.

पुढे पांढरा फळा आला. गावातल्या बद्रीनाथ शेतकऱ्याने मला हरभऱ्याच्या कोठीच्या दाराची फट झाकायला नेले.

एकदा त्याने कोठीत किडीसाठी विषारी धुरीच्या गोळ्या ठेवल्या. दुसऱ्या दिवशी माल न्यायला टेम्पो आला, तेव्हा त्याने मला बाजूला सारले. दहावीतली त्याची पुतणी संस्कृती गोळ्यांचा डबा घेऊन धावत आली. त्यातला मराठी सूचनांचा कागद हरवला होता; डब्यावर फक्त इंग्रजी होते.

"काका, थांबा. हे वाचलं का?"

"वाचलंय की. 'एंटर' हाय, 'नो स्मेल' हाय. वास न्हाई, म्हंजी जायचं. मी बी बाईंच्याच वर्गात होतो, पोरी."

"बाकावर होता, का बाकाखाली?"

टेम्पोवाला हसला. बद्रीनाथचा हात कडीवरच होता.

संस्कृतीने चुन्याच्या खड्याने डब्यावरचे वाक्य माझ्यावर उतरवले: 'डू नॉट एंटर अनटिल द रूम इज एअर्ड, इव्हन इफ देअर इज नो स्मेल.' तिने पहिले तीन शब्द सोडून सारे झाकले.

"काय उरलं, काका?"

कडी वाजली. "आत जाऊ नका," तो सावकाश म्हणाला.

तिने हात काढला.

"खोलीला वारा लागेपर्यंत," त्याने पुढे वाचले. मग शेवटच्या शब्दांवर बोट ठेवून, "वास येत नसला तरी."

त्याने कडी सोडली. टेम्पो रिकामा परत गेला.

तो आत गेला असता तर काय झाले असते, हे मी सांगू शकत नाही. तो प्रयोग झाला नाही. काही प्रयोग न होणेच बरे.

मित्रांनो, मला हार नको. लांब वाक्य शेवटच्या शब्दापर्यंत वाचा. ओळखीचा एक शब्द दिसला म्हणून दार उघडू नका.