फक्रुद्दीनचा स्वतःचा आवाज

"चिमणामावशी, आता खोकायचं सुदीक न्हाय बघा. टेपचं मशीन चालू हाय," गळ्यात गिटार अडकवत फक्रुद्दीन म्हणाला.

"तू गा रं बाबा. आमी काय दंगा घालाय आलोय व्हय?" वाती वळता वळता मावशींनी त्यालाच दटावलं.

मंगळवार पेठेतल्या आमच्या देवळात दुपारी बायका वाती वळायला बसतात. त्यांना उठवणार कोण? आणि फक्रुद्दीनला तोच दगडी मंडप हवा होता. "रोज कीर्तन ऐकून ह्या दगडांस्नी गाणं कळाय लागलंय, आण्णा," असं तो म्हणाला, तेव्हा त्याला नको म्हणायला माझी जीभ रेटेना. कीर्तनाची व्यवस्था माझ्याकडे; मंडप मीच मोकळा करून दिला.

बारा वर्षं हा पोरगा ऑर्केस्ट्रात नामांकित गायकांच्या आवाजात गात होता. मालक बाहुबली शेठ एकदा तोंडावर म्हणाले, "लोकं नक्कल ऐकाय येत्यात. फक्रुद्दीनला कोण ऐकतंय?" त्याच दिवशी त्यानं ऑर्केस्ट्रा सोडला. आता गाणी स्वतःची: शब्द त्याचे, चाल त्याची, रॉक म्हणतात तसली दणदणीत. पाठीशी कंपनी नाही. कॅसेटही तोच काढणार. टेपमशीन गडहिंग्लजच्या मित्राकडून एका दिवसापुरतं आणलेलं. ते पाचच्या एसटीनं परत जायचं होतं.

पाच गाणी झाली. सहावं आईवरचं, सगळ्यात लांब. गिटार कडाडत गेली, आवाज टिपेला पोचला आणि त्यानं एकदम सगळं थांबवलं. चार क्षण शांतता, मग पुन्हा उसळायचं, अशी त्यानं रचना केली होती.

पण आम्ही पडलो कीर्तनाची माणसं. बुवा रंग भरून थांबले की पूर्वरंग संपला. श्रोत्यांनी नामाचा गजर करायचा, बुवांना बुक्का लावायचा, हे आमच्या अंगात मुरलेलं. मावशींनी टाळी धरली, "विठ्ठल विठ्ठल!" दहा बायकांनी ती उचलली. मावशी तर उठल्याच, त्याच्या कपाळाला बुक्का लावून आल्या. खरं सांगतो, टाळी माझ्याही हातून गेली.

मशीन फिरतच होतं. साडेचार वाजलेले. चूक ध्यानात आली तसे मी हात आवरले; पाचच्या एसटीआधी पुन्हा सगळं गायला वेळ कुठला?

फक्रुद्दीननं डोळे मिटले. हलकेच त्या टाळीवर गिटार धरली आणि गजर अंगावर घेऊनच गाणं उभं केलं. एवढी कीर्तनं ऐकली, पण गजरानंतरचा असा उत्तररंग माझ्या कानांवर क्वचितच पडला.

"आमचं तेवढं पुसून टाक रं लेकरा," मावशी नंतर कळवळून म्हणाल्या.

"कशापाई? आता ते गाणं तसंच हाय."

कॅसेट निघाली. फार खपली नाही. दोन-तीन महिन्यांनी आम्ही दोघं गारगोटीला जायला स्टँडवर आलो, तर समोरच्या हॉटेलात तेच सहावं गाणं लागलेलं. आम्ही चहा सांगितला. शेजारच्या बाकावरच्या गिऱ्हाइकानं मालकाला विचारलं, "कुणाच्या आवाजात म्हणतोय ह्यो?"

"कुणाच्या न्हाय, पावणं," मालक किटली उचलत म्हणाला. "त्येचा त्योच हाय की आवाज."

फक्रुद्दीननं मान वर केली नाही. गारगोटीची गाडी लागली, कंडक्टरनं घंटी मारली. मी पिशवी घेऊन उठलो.

"आण्णा, गाणं संपू द्या," तो म्हणाला.

गाडी वळून निघून गेली. बशीतला चहा ओठांपाशी तसाच धरून तो ऐकत बसला होता.