उलटा बसवलेला डोळा

मित्रांनो, मी एक जुना डोळा आहे. माणसाचा नव्हे, दाराचा. काहीजण मला भिंग म्हणतात. तिसऱ्या मजल्यावरच्या एका दारात, कडीच्या वर दोन वितींवर मी बसलेला असतो. तुम्ही घंटी वाजवून घाईघाईने केस नीट करता ना, तेव्हा मी तुम्हाला पाहत असतो. संशय घेणे हा माझा धंदा आहे आणि त्याची मला लाज वाटत नाही. लाज वाटते ती एका वेगळ्याच गोष्टीची. तीच आज सांगून टाकतो.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. पितळेच्या दोन नळ्या, एकीत दुसरी फिरवून घट्ट बसणारी, आणि पोटात काचेचे तुकडे. डब्यात भरण्यापूर्वी तपासणाऱ्या बाईंनी मला डोळ्याला लावले आणि शेजारणीला म्हणाल्या, "हा चांगला आहे. सगळ्यांची नाकं मोठी दाखवतो." तिथे कानावर पडले तेवढेच माझे शिक्षण. समोर दिसेल तो परका, मागून डोळा लावील तो आपला. झाले, संपले शास्त्र.

या दारात मी पुष्कळ वर्षे इमानाने काम केले. समोरचा जिना, कठडा, समोरचे बंद दार आणि येणारी जाणारी मोठी नाके, असे माझे जग होते. घरातली माणसे माझे कौतुक करत. मग ती माणसे गेली, घर रिकामे झाले आणि एके दिवशी रंगारी आला. त्याने दार रंगवण्यासाठी मला काढून खिशात टाकले. दोन दिवस मी तंबाखूच्या पुडीशेजारी काढले. तिसऱ्या दिवशी त्याने मला परत बसवले, आणि उलटे बसवले! बाहेरची बाजू आत आणि आतली बाहेर.

हे मला कळले असते तर बरे झाले असते. पण समोर जिन्याऐवजी मोठी पांढरी खोली दिसली, तेव्हा मला वाटले, ही दुसरी इमारत असावी आणि इथला जिना असा ऐसपैस असावा. मी कामाला लागलो.

थोड्याच दिवसांत त्या खोलीत तीन माणसे शिरली. एक आजोबा, हातात लाकडी पेटी घट्ट धरलेले. त्यांची मुलगी, दवाखान्यात परिचारिका. आणि तिची सात वर्षांची मुलगी, जिला सगळे भुंगी म्हणत, कारण ती एका जागी बसतच नसे. परिचारिकेने आल्या आल्या माझ्या काचेला डोळा भिडवला. परक्याने इतके जवळ येणे मला मुळीच आवडले नाही.

"काही दिसत नाही, बाबा. नुसतं धुकं आहे."

"जुनं झालं असेल," आजोबा म्हणाले. "बघू सवडीने."

मित्रांनो, त्या पहिल्या संध्याकाळी मी जे पाहिले, त्याने माझी झोप उडाली. तिघे उघड्या फरशीवर उताणे झोपले आणि छताकडे पाहून आळीपाळीने ओरडू लागले. आवाज घुमला की हसायचे. मग भुंगीने भिंतीवरची सगळी बटणे एकेक करून दाबली. दिवा लागे, विझे, पुन्हा लागे. कुणाला तरी खुणा चालल्या आहेत, हे शेंबडे पोरही ओळखेल! नंतर त्यांनी खोके उलटे करून त्यावर चहाचे कप मांडले. मी कप मोजले. चार! माणसे तीन आणि कप चार. चौथा कोणासाठी? मी मनात नोंद केली.

दुसऱ्या दिवशी आजोबा भिंती ठोकत फिरले. खिळ्यासाठी जागा बघतो म्हणाले, पण पुरलेले धन शोधणाराही असेच म्हणेल. कपाट तीनदा हलले. पडदा लावला तो हातभर आखूड निघाला, तर परिचारिका चिडायचे सोडून हसत बसली. खरी माणसे अशी वागतात का? आजोबा तर खुर्ची घेऊन उन्हामागे फिरत. सकाळी खिडकीपाशी, दहाला टेबलाजवळ, साडेदहाला भिंतीला टेकून. ते घड्याळजी होते. दुकान बंद केले तरी पेटीतली जुनी घड्याळे उघडून बसत आणि त्यांच्याशी बोलत. "काय रे, आज मागे पडलास?" असे ते एका घड्याळाला म्हणाले, तेव्हा तर माझी खात्रीच पटली.

दुसऱ्या आठवड्यात एका सकाळी माझ्या पाठीला ऊब लागली. कुणीतरी मागून डोळा लावला होता. किती दिवसांनी! डोळ्याखाली टपोरा तीळ होता, डोक्यावर टोपी असावी, कारण तिची कड माझ्या पितळेला घासली. मागून डोळा लावील तो आपला. म्हणजे हाच माझा मालक! मी त्याला सगळे जीव ओतून दाखवले. परिचारिका कधी जाते, भुंगी शाळेला कधी निघते, पेटी टेबलावर कुठे असते आणि अकरा वाजता आजोबा टॉवेल घेऊन आंघोळीला जातात ते. तो रोज येऊ लागला. एकदा त्याने दार हळूच ढकलूनही पाहिले. मला वाटले, मालकच तो, आपल्या दाराची काळजी घेणारच.

मग एके दिवशी आजोबा आंघोळीला गेले आणि कडी घालायला विसरले. दार नुसते ओढलेले होते. मी हेही मालकाला दाखवले. त्याने दाराच्या मुठीवर हात ठेवला. तेवढ्यात मागून आवाज आला, "कोण हवंय?"

"कोणी नाही. मजला चुकला," असे म्हणत माझा मालक पायऱ्या उतरून गेला. त्या आवाजाचा मला भयंकर राग आला. आवाज समोर राहणाऱ्या शिवणवाल्या मावशींचा होता. त्यांनी घंटी वाजवली. आजोबा ओल्या केसांनी धावत आले, आधी त्यांनी कडी सरकवली आणि मग मला डोळा लावला. पुन्हा धुकेच.

"मी समोरची. दार उघडा काका, जरा महत्त्वाचं आहे."

"मुलगी संध्याकाळी येते. तेव्हा या," आजोबा म्हणाले. अनोळखी माणसाला दार उघडायचे नाही, अशी त्यांना ताकीद होती.

मावशी आपल्या घरात जाऊन परत आल्या. मग माझ्या पाठीवर काहीतरी ओले, चिकट येऊन बसले. त्यांनी मला कापडाची चिंधी डकवली होती, फुलाफुलांची. माझा आणि मालकाचा संबंधच तोडून टाकला! मी हळहळलो.

संध्याकाळी मावशी आल्या नाहीत, त्यांना लग्नाचे कपडे वेळेवर द्यायचे होते. दुसऱ्या दिवशी भुंगीच्या शाळेला सुट्टी होती. आजोबा कचरा ठेवायला बाहेर गेले आणि चिंधी पाहून त्यांचे पित्त खवळले. त्यांनी समोरचे दार वाजवले.

"बाई, हा काय चावटपणा? आमच्या दाराला चिंध्या?"

"काका, ओरडा मागाहून," मावशी म्हणाल्या. "आधी ती चिंधी काढा आणि डोळा लावा. इथून, बाहेरून."

आजोबांनी चिंधी सोलली. जन्मभर भिंगातून पाहिलेला त्यांचा डोळा माझ्या पाठीला टेकला, आणि मी नेहमीसारखे सगळे दाखवले. खिडकी, आखूड पडदा, टेबलावरची पेटी. आणि उलट्या खोक्यावर एकटीच बसून, पाय हलवत चित्र काढणारी भुंगी.

आजोबांनी डोळा काढला आणि पुन्हा लावला.

"सगळं घर दिसतंय," ते हळूच म्हणाले. "पोरगी दिसतेय."

"मीही एकदा पाहिलं, खोटं कशाला बोलू," मावशी म्हणाल्या. "तुम्ही घड्याळाला रागवत होतात. पण काका, तो टोपीवाला रोज बघतो. काल त्याचा हात मुठीवर होता."

मित्रांनो, तेव्हा मला कळले. मी ज्यांच्यावर पाळत ठेवली ती घरची माणसे होती, आणि ज्याला घर उघडून दाखवले तो चोर होता. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरे, असे मला झाले. पण मी दारात बसवलेला, मी कुठे जाणार?

आजोबांनी पेटीतला स्क्रूड्रायव्हर आणला, मला उघडले, पुसले आणि फिरवून सुलटे बसवले. मला शिव्या दिल्या असत्या तरी मी ऐकून घेतल्या असत्या.

तीन दिवसांनी, अकराच्या सुमारास, घंटी वाजली. समोर टोपी होती. मोठे नाक, आणि डोळ्याखाली टपोरा तीळ. माझ्या मालकाचा चेहरा मी पहिल्यांदाच समोरून पाहत होतो. मी तो आजोबांना दाखवला, तिळासकट.

"कोण आहे?"

"नळ तपासायला आलोय."

"ताई!" आजोबा दाराआडून मोठ्याने ओरडले. "तुमचा मजला चुकलेला पाहुणा परत आलाय!"

समोरचे दार उघडले. मावशींच्या हातात कापड कापायची मोठी कात्री होती. त्या नुसत्या उभ्या राहिल्या. टोपीवाला दोन दोन पायऱ्या सोडत खाली गेला आणि खालच्या दारावर, आधीच सांगून ठेवलेल्या इमारतीच्या शिपायाच्या हाती लागला.

आता मी माझ्या जागी आहे. जिना, कठडा, समोरचे दार. सगळे ठीक आहे. मात्र घर मला दिसत नाही. पडदा लांब झाला का, भुंगीची उंची किती वाढली, आजोबांची खुर्ची कोणत्या उन्हात आहे, मला काही कळत नाही. दिसत होते तेव्हा मी त्यातला आनंद पाहिलाच नाही, फक्त पुरावे गोळा केले.

म्हणून मित्रांनो, संशय घ्या, जरूर घ्या. पण एकदा दाराबाहेर जाऊन बघा, तो कोणत्या बाजूला तोंड करून बसवला आहे.

संध्याकाळी भुंगी स्टुलावर चढून आईची वाट पाहते, तेव्हा तिच्या पापण्या माझ्या पाठीला लागतात. आई येते. मग समोरच्या मावशी ओढणी सावरत आमच्या दाराशी येतात, आणि त्यांचे नाक कितीही मोठे दिसले तरी मला ते आवडते. दार उघडते, मिटते. माझ्या पाठीमागे टेबलावर कप ठेवल्याचे आवाज येतात. मी मोजतो. एक, दोन, तीन, चार.