सभागृहाखाली गेलेली पायवाट

मित्रांनो, मी एक जुनी पायवाट आहे. यवतमाळला लोहाऱ्याच्या बाजूला एक वसाहत आहे. तिथल्या मोकळ्या जागेत कडुनिंब आणि करंजाची झाडं होती. त्यांच्याभोवती मी गोल फिरायची. मला कोणा गवंड्याने बांधलं नाही. माणसं चालली आणि मी झाले.

सर्वांत आधी चालले ते सदाशिवराव. सरकारी नोकरीतून नुकतेच निवृत्त झालेले, अंगाने जड. डॉक्टरांनी बजावलं होतं, शुगर वाढली आहे, आता चाललं नाही तर जिवावर बेतेल. त्यांच्या पत्नी विमलताईच त्यांना घेऊन आल्या. पहिल्याच करंजापाशी ते थांबले.

"मले दम लागते. तू जा."

"मी एकटी कायले जाऊ? माह्या खांद्याले धरा अन् चला."

ते चालले. भर उन्हाळ्यातही झाडांखाली गारवा असे, म्हणून रोज येत राहिले. पॅन्ट कमरेत ढिली झाली, डॉक्टरांनी गोळ्या कमी केल्या. ते पाहून शेजारीपाजारी येऊ लागले. बायका तर गप्पा मारायला यायच्या. चालणं आपोआप व्हायचं. मला फार बरं वाटायचं.

मग वसाहतीचे अध्यक्ष देवराव यांनी झाडांखालीच सभा घेतली. "लग्नाले, बारशाले हॉल शोधत गावभर फिरा लागते. इथं एवढी जागा रिकामी पडून आहे."

रिकामी! रोज माझ्यावरून चालणारी माणसं तिथेच बसली होती. सभागृहासाठी एकेक हात वर झाला. विमलताईंनी नवऱ्याला कोपराने ढोसलं, "अहो, बोला न."

सदाशिवराव खाली बघत म्हणाले, "सगळ्यायचं ठरलं आहे, तर मी कायले नाही म्हणू?"

झाडं पडली. माझ्यावर काँक्रीट आलं. सभागृहाच्या मागच्या भिंतीशी माझा हातभर तुकडा उरला आहे, तिथून मला सगळं ऐकू येतं.

सदाशिवराव काही दिवस रस्त्याने चालले. एमआयडीसीचे ट्रक अंगावर येत आणि डांबर तापलेलं असे. मग ते घरीच टीव्हीपुढे बसू लागले. शुगर पुन्हा चढली. एका दुपारी छातीत कळ आली आणि नागपूरला नेताना वाटेतच ते गेले. झाडं असती तर ते वाचलेच असते, असं मी म्हणणार नाही. पण ते चालले असते.

त्यांची शोकसभा सभागृहातच झाली. देवराव म्हणाले, "सदाशिवराव तब्येतीले फार जपत."

विमलताई उठून उभ्या राहिल्या. "जपत होते. चालाले जागा होती तवर."

सभा लवकर आटोपली, कारण संध्याकाळी तिथे हळद होती आणि मंडपवाले दारात थांबले होते.

आता विमलताईंनाही शुगर निघाली आहे. त्या स्वयंपाकघरापासून दारापर्यंत फेऱ्या मारतात, असं बायका बोलतात.

मित्रांनो, माझ्यासाठी काही करू नका. माझं व्हायचं ते झालं. पण तुमच्या घराजवळ झाडांखालची एखादी वाट अजून शाबूत असेल, तर घरच्या म्हाताऱ्या माणसांचा हात धरून त्यांना तिथे चालवा. आणि ती मोडायला कोणी निघालं, तर तेव्हाच बोला. शोकसभेत बोलून वाट परत येत नाही.