मला सरळ करायला येऊ नका

मी काटा बोलतोय. पायात रुततो तो नव्हे. जेवणाच्या टेबलावर चमच्याशेजारी ठेवतात तो, चार दातांचा. त्यातला एक दात वाकडा आहे. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर तुम्ही माझं बोलणं सोडून त्याच्याकडेच बघत बसाल. खुशाल बघा. मला त्याची लाज नाही.

माझा जन्म कारखान्यातला. पोलादाच्या पत्र्यातून एका दणक्यात बाहेर पडलो. मग घासून, पुसून, चकाकी देऊन आम्हा बारा भावंडांना एका खोक्यात निजवलं. तेव्हा माझे चारही दात सरळ होते आणि मिजासही भारी होती. वाटायचं, एखाद्या बड्या हॉटेलात पांढऱ्याशुभ्र कापडावर ऐटीत पडून राहू. नशिबी आलं डोशाचं हॉटेल!

नवंकोरं दाक्षिणात्य हॉटेल होतं. भिंतींना रंगाचा वास, खुर्च्यांच्या पायांना अजून प्लास्टिक गुंडाळलेलं. मालक माणूस वाईट नाही, पण हट्टी. त्यानं दारासमोरच्या भिंतीवर हातभर लांब पाटी रंगवून घेतली : ‘डोसा हातानेच खावा. चव बोटांत असते.’ आता मला सांगा, हीच पाटी लावायची होती तर आमचं खोकं कशाला विकत आणलंत? तर म्हणे, “असू देत, शोभेला.”

शोभेला म्हणे! तिकडे चमच्यांना क्षणाची उसंत नव्हती, आणि आम्ही बारा जण खोक्यात हवा खात पडलेले. एके दिवशी वाढप्याला तुपाचा डबा उघडेना. त्यानं खोक्यातून मला उपसलं, माझा कडेचा दात झाकणाखाली घातला आणि अंगातला सगळा जोर लावला. झाकण निघालं. दात आत वळला तो वळलाच. माझे अकरा भाऊ खोक्यासकट माळ्यावर गेले आणि मी डबे उघडायच्या कामाला खाली राहिलो. वाढपी मला ‘वाकड्या’ म्हणायचा. म्हण बाबा. कुणाला नावं ठेवायला काही कष्ट पडत नाहीत.

मग एका गुरुवारी, संध्याकाळी पाचच्या सुमाराला, तीन मैत्रिणी आल्या. तिघीही एकाच शाळेतून निवृत्त झालेल्या. ते आवाजावरूनच कळत होतं. मागच्या बाकापर्यंत पोचेल अशाच पट्टीत तिघी बोलत होत्या. सगळ्यात पुढे पीटीच्या बाई, त्यांच्यामागे चित्रकलेच्या बाई, आणि सगळ्यात शेवटी डाव्या हातात काठी घेतलेल्या गणिताच्या बाई. त्यांचा उजवा हात पदराखाली झाकलेला होता.

“दोन मसाला डोसे,” पीटीबाईंनी बसता बसता फर्मावलं, “आणि हिला इडली. मऊ असते, चमच्यानं तुटते.”

“मला कुणी विचारलंय का?” गणितबाई म्हणाल्या.

“अगं, तुझ्याच सोयीसाठी...”

“माझी सोय मी बघते. मला पेपर डोसा. मोठ्यातला मोठा.”

चित्रकलाबाई हळूच म्हणाल्या, “चालेल की. मी तुकडे करून देईन, त्यात काय एवढं?”

“भरवून घ्यायला मी काय पाळण्यात आहे?” गणितबाई कडाडल्या. मग त्यांचा आवाज एकदम खाली आला. “हे बघा, अर्धांगाचा झटका आला त्याला वर्ष झालं. वर्षभर सून भरवते मला, खोलीचं दार लावून. कुणी बघू नये म्हणून मीच लावायला सांगते. आज तुम्ही ओढून आणलंत म्हणून आले. आज माझं मला खाता आलं तर आलं. नाही आलं, तर पुन्हा मला कुठं बोलवायचं नाही. कुठंच नाही.”

पीटीबाई उगाच पाण्याचा पेला फिरवत राहिल्या.

डोसा आला. ताटलीच्या दोन्ही बाजूंनी वीतभर बाहेर! गणितबाई वाढप्याला म्हणाल्या, “काटा आणा.”

“बाई, इथं सगळे हातानंच खातात,” असं म्हणून त्यानं पाटीकडे बोट दाखवलं.

“कुठल्या हातानं?” बाईंनी डाव्या हातानं आपला उजवा हात उचलला आणि टेबलावर ठेवला. “हा तर माझं ऐकत नाही. आणि डाव्या हातानं जेवायचं नाही हे मीच पोरांना छड्या मारून शिकवलंय. त्याचीच फेड चाललीय. काटा आणा.”

वाढप्याची पळापळ झाली. माळ्यावर चढायला वेळ कुठला? त्यानं मला तुपाच्या डब्यावरून उचललं, धुतलं, पुसलं आणि बाईंसमोर ठेवलं.

खरं सांगतो, मी घाबरलो होतो. जन्मात कधी घास उचलला नव्हता. बाईंनी मला डाव्या मुठीत धरलं, त्या हाताला ही सवय नव्हती, आणि डोशाच्या कडेवर दाबलं. कडकडकड! डोशाचा एक तुकडा उडाला तो थेट पीटीबाईंच्या पेल्यात. शेजारच्या टेबलावर कुणीतरी फिस्सकन हसलं.

पीटीबाईंना राहवेना. त्यांनी तुकडा मोडून चटणीत बुडवला आणि पुढे केला. “आ कर बघू.”

“हात खाली,” गणितबाई म्हणाल्या. मोठ्यानं नाही, पण हात खाली गेला.

तेवढ्यात मालक धावत आला. माझ्याकडे बघून त्याचा चेहरा कडू काढा प्यायल्यासारखा झाला. “माफ करा हं बाई, हा डबे उघडायचा आहे,” असं म्हणत त्यानं मला उचललं आणि माळ्यावरून काढलेला माझा सख्खा भाऊ बाईंच्या हातात दिला. चकचकीत, सरळ, देखणा.

बाईंनी या वेळी डोशाच्या मधल्या मऊ भागाला हात घातला. तुकडा निघाला. वर उचलला. तोंडापाशी पोचता पोचता मनगट लटपटलं आणि तुकडा भावाच्या सरळ दातांवरून सुळकन घसरून मांडीवर पडला. दुसरा पडला. तिसराही पडला. बाईंचे ओठ घट्ट मिटले होते आणि डोळे भरले होते. त्यांनी काटा खाली ठेवला. मी मालकाच्या मुठीत तडफडत होतो. अरे, एकदा तरी विचारा मला!

“तो मघाचा द्या,” बाई म्हणाल्या.

“अहो, तो वाकडा आहे.”

“मग मी काय सरळ आहे? द्या इकडे!”

मी परत त्या मुठीत गेलो. मऊ डोशात घुसलो, बाईंनी मला हळूच फिरवलं, आणि तुकडा माझ्या वळलेल्या दातात अडकला. मनगट लटपटलं. मी सोडला नाही. पुन्हा लटपटलं. काय वाट्टेल ते झालं तरी सोडणार नव्हतो! घास तोंडात गेला. बाई सावकाश चावत राहिल्या आणि गालांवरून पाणी खाली आलं.

ते बघून चित्रकलाबाईही रडायला लागल्या. त्यांनी डोळे पुसून वाढप्याकडे दोन काटे मागितले. “आम्हीही डाव्या हातानं खाणार.”

“नाटकं बंद!” गणितबाई घास गिळून म्हणाल्या. “तुमचे हात धड आहेत ना? मग हातानं खा.”

सगळा डोसा संपायला तासभर लागला. बाईंनी मनात हिशेब ठेवला होता. “सत्तावीस घास,” त्या म्हणाल्या, “त्यातले सात पडले. पुढच्या गुरुवारी सुधारणा हवी.” पुढच्या गुरुवारी! पीटीबाईंनी टेबलावर अशी थाप मारली की चटणीची वाटी उडाली.

मालक अजून तिथंच घुटमळत होता. पाटीकडे बघत म्हणाला, “पण बाई, खरी चव बोटांत...”

“चव जिभेत असते हो. बोटांत असती तर मी वर्षभर बेचव जेवले असं म्हणायचं का? जेवण चांगलंच होतं. दार तेवढं बंद होतं.”

त्याला आता सहा महिने झाले. पाटी अजून आहे. मालकाचा हट्ट गेलेला नाही. पण बाईंचाही गेलेला नाही. दर गुरुवारी त्या मुद्दाम पाटीखालचंच टेबल धरतात आणि अख्ख्या हॉटेलला ऐकू जाईल अशा आवाजात मला मागवतात. गेल्या खेपेला एकही घास पडला नाही. घरातल्या खोलीचं दारही आता उघडं असतं, असं त्या मैत्रिणींना सांगत होत्या.

आता ऐका. काल मालकानं पक्कड आणलीय. म्हणतो, “बाई नेहमीच्या झाल्या. त्यांना वाकडा काटा देणं बरं दिसत नाही. दाबून सरळ करून टाकू.”

मालक, तुमची भावना पोचली. पण दिसण्याचं कौतुक मला सांगू नका. सरळ असताना मी खोक्यात पडून होतो आणि तुम्हाला माझी आठवणसुद्धा नव्हती. मोडेन पण वाकणार नाही, असं माणसं छाती फुगवून म्हणतात. म्हणोत बापडी. मी वाकलो, आणि वाकलो म्हणूनच माझ्या दातातून घास निसटत नाही.

ती पक्कड जिथून आणलीत तिथं ठेवून या. उद्या गुरुवार आहे. पाच वाजता बाई येतील.