अपघाताविना तीनशे पासष्ट दिवस

मी एक जुना फलक आहे. पाइनच्या दोन फळ्या जोडून केलेला, हिरवा रंग दिलेला, छातीवर तीन हूक असलेला. मित्रांनो, माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच सांगून टाकतो. जन्मतः मी असा नव्हतो. पण एकोणीस वर्षं भिंतीवर टांगून रोज सकाळी एकच वाक्य बोलायला लावलं आणि ते वाक्य खोटं आहे हे स्वतःला ठाऊक असलं, की कुणाचाही स्वभाव बिघडेल.

ते वाक्य असं : 'या सॉ मिलमध्ये अपघाताविना इतके दिवस.' हुकांना पत्र्याचे आकडे अडकवायचे. रोज सकाळी एकाची भर. कुणाला लागलं की तिन्ही हुकांवर शून्य. सरळ हिशोब वाटतो ना? मलाही वाटला होता.

मला घडवलं हर्वे दैगलने. हर्वे मिलमध्ये करवतींना धार लावायचा. अमेरिकेतल्या मेन राज्याच्या अगदी उत्तरेला, नदीकाठी आमची मिल. हर्वेच्या डाव्या हाताची दोन बोटं तरुणपणीच करवतीने नेलेली. उरलेल्या तीन बोटांनी त्याने मला रंधा मारला आणि माझ्यावर सुबक अक्षरं रंगवली. मिलच्या साहेबाने त्याची पाठ थोपटली, मीही फुशारलो. हर्वे मात्र हसला नाही. वर्षभर अपघात झाला नाही तर प्रत्येकाला दोऱ्याने नाव काढलेलं जॅकेट आणि सणाला डुकराची अख्खी तंगडी मिळेल, असं साहेबाने जाहीर केलं, तेव्हाही तो हसला नाही. नवीन माणूस कामावर आला की हर्वे त्याला एकच गोष्ट सांगायचा, "बोट गेलं तर गेलं, कागद जाऊ देऊ नकोस." त्याच्या स्वतःच्या अपघाताचे कागद घरी कॉफीच्या डब्यात नीट ठेवलेले होते. त्या कागदांच्या जोरावर त्याला तेव्हा बसून पगार मिळाला होता. पोरं त्याला हसायची.

मला टांगलं कॉफीच्या यंत्रासमोर. तिथं सगळे येतात आणि सगळं बोलतात. पहिल्याच हिवाळ्यात माझ्या लक्षात आलं, की इथं कुठंतरी पाणी मुरतंय. रोज उजव्या हाताने पेला धरणारा माणूस एखाद्या सकाळी डाव्या हाताने धरायचा. कुणी कॉफी पितानाही हातमोजा काढायचा नाही. कुणी जिना उतरताना एकेक पायरी मोजून उतरायचा. आणि माझ्यावरचा आकडा आपला वाढतच होता! मी आलो म्हणून जखमा काही थांबल्या नव्हत्या. लोक त्या खिशात घालून घरी नेत होते.

विचारलंच कुणी तर उत्तर ठरलेलं : "सरपण फोडताना लागलं." आमच्याकडे घराघरांत लाकडाची शेगडी, त्यामुळे थंडीआधी सगळेच सरपण फोडतात. या उत्तरावर शंका कोण घेणार? मी घ्यायचो. आमच्या त्या लहानशा गावात सरपण फोडताना इतकी बोटं चेचली जात, की तेवढ्यात सबंध जंगल फोडून झालं असतं.

दर शुक्रवारी हर्वे मला खाली काढायचा, पुसायचा आणि उलटा करून माझ्या पाठीवर सुतारी पेन्सिलीने काहीतरी लिहायचा. काय लिहितो ते मला दिसत नव्हतं. मी त्याच्यावरही संशय घेतला.

अठरा वर्षं असंच चाललं; दरवेळी वर्ष भरायच्या आत एखादी न लपणारी जखम व्हायची आणि हुकांवर पुन्हा शून्य. मग ओडेटची वेळ आली. ओडेट मिशो म्हणजे चाळिशी ओलांडलेली, दणकट बाई. साखळीवरून सरकत येणाऱ्या ओल्या फळ्या निवडून रचायचं तिचं काम. घरी ती आणि तिची म्हातारी आई, कमावणारी एकटी तीच. तिच्या बहिणीचा नवरा रोझेर सीर आमच्या पाळीचा मुकादम. रोज सकाळी माझा आकडा बदलायचा मान त्याचा.

त्या दिवशी मी तीनशे एक्कावन्न दाखवत होतो. दहाच्या सुमाराला साखळी अडकली, सुटली, आणि एक जाड फळी ओडेटच्या उजव्या हातावर आदळली. रोझेरने तिला धरून माझ्यासमोरच्या बाकावर आणलं. हातमोज्यातून रक्त ठिबकत होतं.

"भावोजी, बोटं हलत नाहीयेत," ओडेट म्हणाली.

रोझेरने आधी तिच्या हाताकडे पाहिलं, मग माझ्याकडे. ती नजर मी विसरलेलो नाही. "अगं, चौदाच दिवस राहिलेत," तो हळूच म्हणाला. "सगळ्यांची जॅकेटं शिवून तयार आहेत. तुझ्यामुळे गेली असं व्हायला नको. सरपण फोडताना लागलं म्हण, कोण विचारतंय?"

आजूबाजूला पाच-सहा जण उभे होते. सगळ्यांनी मूग गिळले. ओडेटने हात मुठीसारखा पोटाशी धरला आणि मान हलवली. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. या मुठीची किंमत पुढे कळायची होती.

दोन दिवस तिने एका हाताने काम रेटलं. तिसऱ्या दिवशी हात कोपरापर्यंत सुजला, तेव्हा रोझेरच तिला दवाखान्यात घेऊन गेला. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, कामावर लागलं का? ओडेटने रोझेरकडे पाहिलं आणि सांगितलं, घरी. बाईंनी तसंच लिहिलं. बोटं वाकवणारी आतली शीर तुटली आहे, दोन दिवस आधी यायला हवं होतं, असंही त्या म्हणाल्या. निदान दोन महिने काम बंद. हे सगळं रोझेरने कॉफी ढवळताना एका सोबत्याला सांगितलं. म्हणून मला कळलं.

आता गोष्ट अशी आहे, मित्रांनो, की कामावर लागलं तर उपचार आणि बराचसा पगार कामगारांच्या विम्यातून मिळतो. घरी लागलं तर आपण आणि आपलं नशीब. ओडेटची हक्काची सुट्टी आठवड्यात संपली, पगार थांबला. थंडी तोंडावर आली आणि तिच्या अंगणात सरपणाचे ओंडके जसेच्या तसे पडून होते. एकही फोडलेला नव्हता. सगळं गाव रोज ते पाहत होतं. तरी कुणालाही शंका आली नाही. शंका आली नाही, की येऊ दिली नाही?

तीनशे पासष्टावा दिवस उजाडला. मला फुलांची माळ घातली. साहेबाने भाषण केलं, खोक्यांतून जॅकेटं निघाली. निळी, अस्तराची, बाहीवर दोऱ्याने ३६५ काढलेलं. ओडेटही आपलं घ्यायला आली. डाव्या हाताने तिने ते कसंबसं अंगात चढवलं. पण चेन काही लागेना. एका हाताने चेन लावता येत नाही, करून पाहा कधी. रोझेर पुढे झाला, वाकला आणि गळ्यापर्यंत चेन लावून दिली.

"भावोजी," ओडेट शांतपणे म्हणाली, "आता रोज सकाळी याल का चेन लावायला?"

मी लाकडाचा आहे, पण त्या क्षणी मला माझीच लाज वाटली. लोक टाळ्या वाजवत होते आणि माझ्या गळ्यात माळ होती.

दुसऱ्या सकाळी रोझेर सहाचा आकडा हातात घेऊन आला. हर्वे आधीच बाकावर बसलेला. "आकडा बदलतोयस तर फळी पुसून घे, बाबा," हर्वे म्हणाला. "मागूनसुद्धा."

रोझेरने मला उतरवून उलटं केलं आणि तो वाचत राहिला. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं माझ्या पाठीवर काय आहे ते. तारीख, वेळ, कुणाला लागलं, कुठं लागलं, कुणी पाहिलं. एकट्या त्या वर्षाच्याच अकरा ओळी. शेवटची ओडेटची. तिच्यापुढे लिहिलं होतं : पाहणारे रोझेर सीर, हर्वे दैगल.

"तुम्ही तेव्हाच का नाही बोललात, काका?" रोझेरने विचारलं.

"मीपण भित्राच," हर्वे म्हणाला. "लिहिण्याइतकीच हिंमत होती."

रोझेरने मला पुन्हा भिंतीवर टांगलं, पण पाठ पुढे करून. एकेक जण कॉफी घ्यायला आला, वाचत उभा राहिला. रोझेर सरळ साहेबाच्या खोलीत गेला. दार उघडंच होतं. "ओडेटला इथं लागलं. मी पाहिलं, आणि खोटं बोलायला मीच लावलं," असं तो म्हणाला. साहेब बराच वेळ तापला. रोझेरची मुकादमी गेली, तो स्वतःच फळ्या रचायला लागला.

ओडेटचं मात्र चुटकीसरशी झालं नाही. कळवायची मुदत संपायला थोडेच दिवस उरले होते. विम्याचा माणूस तीनदा आला, तेच तेच प्रश्न विचारून गेला. एकदा खोटं बोललं की खऱ्यालाही साक्षीदार लागतात. पाच जणांनी सह्या केल्या, माझ्या पाठीचा फोटो जोडला. वसंतात पैसे आले, मागचे धरून. पण दोन बोटं आजही पुरती वाकत नाहीत. तेवढं कुणीच भरून देऊ शकलं नाही.

जॅकेटं कुणी फेकली नाहीत, आमच्याकडची थंडी तशी चैन करू देत नाही. पण पुढच्या आठवड्यात रोझेरने ब्लेड घेऊन आपल्या बाहीवरचा आकडा उसवला. मग इतरांनीही. बक्षीस बंद झालं आणि मला भंगारात काढलं. ओडेटने मला मागून घेतलं.

मित्रांनो, तुमचे आईवडील कामावरून येतात तेव्हा त्यांच्या हातांकडे नीट बघा. थोडा संशय घ्या. लागलं असेल तर त्याच दिवशी सांगायला लावा, कुणी पाहिलं ते लिहून ठेवायला लावा, आणि डॉक्टरांनी विचारलं तर जिथं लागलं तिथलंच नाव. जॅकेट दुकानात मिळतं. आणि माझ्यासारखा एखादा फलक कुठं फार मोठा आकडा मिरवताना दिसला, तर त्याची पाठ वाचल्याशिवाय टाळ्या वाजवू नका.

मी आता ओडेटच्या सरपणाच्या खोपटात आहे. पाठ पुढे करून टांगलेला, माझ्या हुकांचा आता कुणाला उपयोग नाही. रविवारी रोझेर येतो, लाकडं फोडतो, ओडेट डाव्या हाताने रचते. मी सवयीने पाहत राहतो, मोजत राहतो. इतकी वर्षं झाली, या खोपटात सरपण फोडताना आजवर कुणालाही लागलेलं नाही.